डोक्याच्या मापाची टोपी

गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी ग्रंथवाचन आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. वस्तीतल्या एक ताई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीला दवाखान्यात परत बोलावलंय. मेंदूचा आलेख काढला होता, तो नीट आला नाही म्हणतात. मशीन बिघडलेलं असेल, की तिच्या डोक्यातच काही मोठं निघालं असेल?"

मुलगी बारा वर्षांची. शाळेत दोनदा आकडी आली होती. शेजारपाजारच्यांनी 'बाहेरचं काही' म्हणून भगताकडे न्यायला सुचवले. ताईंनी ते न ऐकता मुलीला दवाखान्यात नेले, याचे आम्हाला मोठे समाधान वाटले. आम्ही तपासणीचा कागद पाहिला. त्यावर मेंदूबद्दल काहीच वाईट लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते इतकेच, की नोंद वाचण्यायोग्य आलेली नाही. खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. मुलीचे केस दाट आणि कमरेपर्यंत लांब. दवाखान्यात जायचे म्हणून आईने आदल्या रात्री चापून तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. तिथे डोक्यावर चढवलेली टोपी मोठ्या माणसाच्या मापाची. ती सैल बसली, मागून उचलली गेली. यंत्र चांगले होते आणि मुलीच्या डोक्याचाही दोष नव्हता. टोपीचा आणि डोक्याचा मेळ बसला नव्हता, एवढेच.

तेव्हापासून ही टोपी आमच्या डोक्यातून गेली नाही. मेंदूच्या संशोधनात टोपी, पट्टा, हेल्मेट अशी जी अंगावर घालायची साधने असतात ती कोण बनवते, कोणाचे डोके समोर ठेवून बनवते आणि ज्याच्या डोक्यावर ती बसत नाहीत त्याचे पुढे काय होते, याचा आम्ही जमेल तसा अभ्यास केला. तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी ईईजी म्हणजे काय ते पाहू. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म बदलांतून बोलतात. लाखो पेशी एका सुरात बोलल्या की त्या विजेचा थोडासा अंश कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर जाणवतो. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ही वीज पहिल्यांदा टिपली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. ही वीज किती असते? साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. पन्नास मायक्रोव्होल्टचा संकेत त्याच्या तीस हजारपट दुबळा. इतका दुबळा संकेत पकडायचा तर धातूची तबकडी, म्हणजे इलेक्ट्रोड, कातडीला नीट टेकलेली हवी. मध्ये तेलाचा थर आला किंवा तबकडी केसांवर तरंगत राहिली, तर मेंदूऐवजी भोवतालची ट्यूबलाइट, पंखा, मानेचे स्नायू आणि पापण्यांची उघडझाप हेच आलेखावर उमटते. म्हणून कातडी साफ करून तिथे खारट पेस्ट किंवा जेल लावतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. ईईजीमध्ये डोक्याला शॉक देत नाहीत. यंत्र वीज सोडत नाही, मेंदूची वीज फक्त ऐकते. डॉक्टर नाडी पाहतात तेव्हा हाताला जेवढे होते, त्याहून फारसे काही डोक्याला होत नाही.

आता तबकड्या कुठे ठेवायच्या? प्रत्येकाचे डोके वेगळे. नागपूरच्या तंत्रज्ञाने एका जागी ठेवली आणि लंडनच्या तंत्रज्ञाने दुसऱ्या जागी, तर दोन आलेखांची तुलना कशी होणार? हा पेच सोडवणारी पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडली. जगभर ती 'दहा-वीस पद्धत' म्हणून ओळखली जाते. ती इतकी सोपी आहे की शिंप्याच्या टेपने घरी करून पाहता येईल. दोन भुवयांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी जो खळगा आहे तिथे टेपचे टोक धरा. टेप डोक्यावरून मागे न्या. मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूला बोटाला एक उंचवटा लागतो, तिथपर्यंत मोजा. समजा माप ३६ सेंटीमीटर आले. त्याचे दहा टक्के म्हणजे ३.६ आणि वीस टक्के म्हणजे ७.२ सेंटीमीटर. पुढून ३.६ वर पहिली खूण, त्यानंतर दर ७.२ वर एकेक खूण, आणि शेवटी पुन्हा ३.६ उरतात. बरोबर मध्ये, १८ सेंटीमीटरवर, डोक्याचा माथा. असेच माप एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत घ्यायचे. डोके लहान असो की मोठे, खुणा टक्केवारीने पडतात. त्यामुळे बाळाच्या डोक्यावरची खूण आणि आजोबांच्या डोक्यावरची खूण मेंदूच्या साधारण एकाच भागावर येते. ही कल्पना आम्हाला फार आवडली, कारण इथे माप डोक्याला सक्ती करत नाही, डोकेच माप ठरवते.

डोक्याला टेप लावण्याचा आणखी एक इतिहास आपल्या देशात घडला आहे, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातीजातींच्या लोकांची डोकी आणि नाके मोजली, आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची असा सिद्धान्त मांडला. ही मापे माणसांची उतरंड लावण्यासाठी घेतलेली होती. अस्पृश्य मूळचे कोण याचा शोध घेणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी अशाच मापांचे आकडे, समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी मांडलेले, हाती घेतले आणि त्याच आकड्यांच्या आधारे दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशाचे असल्याचे सिद्ध होत नाही. तो सारा युक्तिवाद मुळातून वाचण्यासारखा आहे. आज तीच टेप प्रयोगशाळेत दिसली की म्हणून आम्ही आधी विचारतो, हे माप कशासाठी? टोपी डोक्याला बसवण्यासाठी असेल, तर जरूर मोजा.

जॅस्पर यांच्या पद्धतीने एकेक तबकडी चिकटवायला वेळ लागतो, म्हणून तयार टोप्या आल्या. ताणली जाणारी कापडी टोपी, तिच्यात ठरलेल्या जागी तबकड्या. त्यांची मापे डोक्याच्या घेरावर असतात. ५४ ते ५८ सेंटीमीटर मध्यम, ५८ ते ६२ मोठी, ५० ते ५४ लहान. बाळांसाठी त्याहून लहान. कागदावर सारे ठीक दिसते. परंतु घेर हे डोक्याचे एकच माप झाले. दोन डोक्यांचा घेर सारखा असून एक लांबट आणि एक गोल असू शकते. कोणाचा माथा उंच, कोणाचा मागचा भाग सपाट. टोपी कुठे तरी घट्ट होते, कुठे तरी पोकळ राहते. आणि घेराच्या मापात केसांचा तर हिशेबच नसतो.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटिएन ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी शिकत होती. तिच्या लक्षात आले की दाट, कुरळ्या, राठ केसांच्या लोकांवर ईईजीच्या नेहमीच्या तबकड्या टिकतच नाहीत. केस स्प्रिंगसारखे तबकडीला वर ढकलतात. कितीही जेल ओतले तरी थोड्या वेळाने संकेत खराब होतो. तोवर यावर उपाय काय होता? अशा माणसांना अभ्यासातून वगळणे, किंवा केस काढायला सांगणे. एटिएन यांनी उलट विचार केला. केस ही अडचण न मानता त्यांचाच आधार घेतला. आफ्रिकी वंशाच्या समाजात डोक्यालगत घट्ट सरळ वेण्या घालण्याची जुनी पद्धत आहे. त्या वेण्या दहा-वीस पद्धतीच्या रेषांना धरून घातल्या तर दोन वेण्यांच्या मधल्या भांगात कातडी उघडी राहते. तिथे तबकडी ठेवायची आणि तिचा चिमटा दोन्ही बाजूंच्या वेण्यांखाली अडकवायचा. मग वेण्याच तबकडीला खाली दाबून धरतात. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. या साधनाला त्यांनी 'सेव्हो' नाव दिले. हैतीच्या क्रिओल भाषेत त्याचा अर्थ मेंदू असा होतो.

यात अवघड गणित नाही की महाग यंत्र नाही. वेणी घालता येणाऱ्या कोणालाही ते समजेल. मग इतकी वर्षे हे कोणाला का सुचले नाही? आमच्या मते, ज्यांना सुचले असते ती माणसे टोपी बनवणाऱ्यांच्या टेबलाशी बसलेलीच नव्हती.

यात नुकसान कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे. कोणी संशोधक उठून 'अमुक लोक नकोत' असे म्हणत नाही. समजा चाळीस जण अभ्यासाला आले. त्यांतल्या आठ जणांचा संकेत खराब आला. नियमाप्रमाणे ते आठ बाद. उरलेल्या बत्तीस जणांची सरासरी काढली, आणि लेखात लिहिले की निरोगी माणसाचा मेंदू असा चालतो. ते आठ जण कोण होते? सगळे दाट केसांचे असतील, तर 'निरोगी माणूस' या शब्दातून ते गुपचूप बाहेर पडले. उद्या त्या सरासरीवरून औषधाचा परिणाम ठरतो, आजाराची रेषा ठरते. टोपीतली पोकळी अशी पुस्तकात जाऊन बसते.

हीच गोष्ट प्रकाशावर चालणाऱ्या साधनांची. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता, तो आठवा. तो बोटातून प्रकाश पाठवतो आणि रक्तातला प्राणवायू मोजतो. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तात प्राणवायू खरोखर कमी झालेला असूनही ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतो, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा आढळले. त्वचेतले गडद रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि यंत्राच्या हिशेबात ते पुरेसे धरलेले नव्हते.

मेंदूसाठीही असेच प्रकाशाचे साधन आहे. त्याचे तत्त्व फ्रान्स योबसिस यांनी १९७७ साली दाखवले. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा प्रकाश कातडी आणि हाडातून बराच आत जातो. डोक्यावर एका जागी प्रकाश सोडायचा आणि साधारण तीन सेंटीमीटर अंतरावर परत आलेला प्रकाश मोजायचा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त वाढते आणि प्राणवायू घेतलेल्या व सोडलेल्या रक्ताचा रंग वेगळा असल्याने परत येणारा प्रकाश बदलतो. फक्त वरवरचा एक-दोन सेंटीमीटर भाग यातून कळतो, खोलातला नाही. परंतु साधन छोटे, आवाज नाही, आणि बाळ आईच्या मांडीवर बसून राहिले तरी चालते. त्वचेचा रंग इथेही आड येतो, पण त्याहून मोठा अडथळा केसांचा. काळा केस प्रकाश गिळतो. तीन सेंटीमीटरच्या वाटेवर जाताना केस आणि येताना केस असले तर हाती काही उरत नाही. म्हणून प्रकाशाची टोके कंगव्याच्या किंवा ब्रशच्या दातांसारखी बनवण्याचे प्रयोग झाले. दात केसांच्या मधून वाट काढतात आणि कातडीला टेकतात. तरीही तंत्रज्ञाला हातात काडी घेऊन एकेका टोकाखालचे केस बाजूला सारत बसावे लागते. या कामात घाई केली की दिवस फुकट जातो.

हे साधन गावात नेता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया देशात केनेबा हे खेडे आहे. तिथे कुपोषणावर अनेक दशके संशोधन चालले आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी प्रकाशाचे हे साधन केनेबाला नेऊन तान्ह्या मुलांच्या मेंदूचे काम मोजले, आणि त्याचा पहिला वृत्तान्त २०१४ साली आला. पुढे तिथली मुले आणि इंग्लंडमधील केंब्रिजची मुले यांच्या वाढीचा अभ्यास सोबतीने सुरू झाला. त्याआधी तान्ह्या मुलांच्या मेंदूबद्दलची माहिती बहुतांश श्रीमंत देशांतल्या मुलांची होती.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात चार महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना अशी टोपी घालून, डोळ्यांनी पाहिलेले लक्षात ठेवताना मेंदूचा कोणता भाग काम करतो हे पाहिले गेले. २०१९ साली ते प्रसिद्ध झाले. ज्या घरात आईला शिक्षण कमी मिळाले आणि उत्पन्न कमी, त्या घरातील मुलांमध्ये मेंदूच्या पुढच्या डाव्या भागाची हालचाल दुबळी दिसली आणि नको त्या गोष्टींकडे लक्ष वळण्याचे प्रमाण जास्त. याचा अर्थ ती मुले जन्मतः कमी आहेत असा मुळीच नाही. परिस्थिती मेंदूपर्यंत पोहोचते आणि ती किती लवकर पोहोचते, हे त्यातून दिसते. तसेच परिस्थिती बदलण्याजोगी असते, हेही आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. पण आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्या मुलांच्या डोक्यावर बसेल अशी टोपी होती म्हणून त्यांची नोंद झाली.

बाळाच्या टोपीचे काम तर फारच नाजूक. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षभरात तो ४५ च्या आसपास जातो. म्हणजे एका बाळाला वर्षात चार वेळा बोलावले तर चार मापे लागतात. टाळू भरलेली नसते, तिथे दाब चालत नाही. बाळाचा हात वर गेला की टोपी ओढली जाते. इथे प्रयोगशाळेतल्या अभियंत्यापेक्षा टोपडे शिवणारी आजी जास्त शहाणी ठरावी. नाडी गालाला काचू नये, शिवण आतल्या बाजूला टोचू नये आणि कानावर भार येऊ नये, हे तिला न मोजता कळते. कुपोषित बाळाचे डोके वयाच्या मानाने लहान असू शकते. त्यामुळे वयावरून टोपी निवडली तर चूक होते, दर वेळी टेप लावूनच निवडावी लागते.

आता या सगळ्यांत अवघड साधनाकडे वळू. मेंदूत वीज वाहते तिथे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्रही तयार होते. ते हाडामुळे पसरट होत नाही, म्हणून मेंदूतली जागा विजेपेक्षा अधिक नेमकी सांगते. पण ते इतके दुबळे, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत सुमारे पन्नास कोटी पटींनी कमी. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली ते पहिल्यांदा मोजले. पुढे जी यंत्रे बनली त्यांतले संवेदक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवावे लागतात. असे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे. खाली एक कडक टोप, त्यात माणसाने डोके घालायचे आणि हलायचे नाही. टोप एकाच मापाचा, मोठ्या पुरुषाच्या डोक्याचा अंदाज घेऊन बनवलेला. संवेदक आणि डोके यांत थंडी अडवणारी जाड भिंत. लहान मुलाचे डोके त्या टोपात अडकित्त्यात सुपारी ठेवल्यासारखे एका बाजूला राहते. अंतर वाढले की संकेत झपाट्याने कमी होतो. म्हणजे ज्या वयात मेंदू सर्वांत वेगाने वाढतो, त्याच वयाच्या मुलांसाठी हे यंत्र सर्वांत दुबळे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ही गाठ सोडवली. त्यांनी नव्या प्रकारचे छोटे संवेदक वापरले. त्यात काचेच्या इवल्याशा कुपीत रुबिडियम धातूची गरम वाफ असते आणि तिच्यातून लेझरचा किरण जातो. भोवती चुंबकीय क्षेत्र शून्य असेल तर किरण आरपार जातो. क्षेत्र किंचित बदलले की वाफ किरण अडवू लागते. हेलियमची थंडी नको, म्हणून जाड भिंतही नको. संवेदक थेट डोक्याला टेकवता येतो.

मग त्यांना धरून ठेवणारे काहीतरी हवे. पहिल्या प्रयोगात त्या माणसाचे आधी एमआरआय काढले. त्यावरून त्याच्या डोक्याचा नेमका आकार संगणकात तयार केला आणि थ्रीडी प्रिंटरवर फक्त त्याच्यासाठी हेल्मेट छापले. त्यात संवेदक बसायला खाचा. सारे मिळून वजन एका किलोच्या आत. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. हेल्मेट घातलेला माणूस मान डोलवत होता, चहा पीत होता, बॅटवर चेंडू उडवत होता, आणि त्याच वेळी मेंदूची नोंद चालू होती. अर्थात हे घराच्या अंगणात नव्हे. त्यासाठी खास खोली लागते, आणि पृथ्वीचे उरलेसुरले क्षेत्र पुसून टाकायला माणसाच्या दोन्ही बाजूंना तारांच्या वेटोळ्यांचे फलक लावावे लागतात.

पुढच्याच वर्षी त्यांनी लहान मुलांकडे मोर्चा वळवला. दर मुलाचे एमआरआय काढून हेल्मेट छापणे कठीण, कारण त्या बोगद्यात दोन वर्षांचे मूल गप्प पडून राहणार नाही. म्हणून त्यांनी मुलांचे साधे सायकलचे हेल्मेट घेतले आणि त्यात फेरफार करून संवेदक बसवले. आई मुलाचा हात कुरवाळत होती आणि दोन व पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूत तो स्पर्श कुठे पोहोचतो ते दिसत होते.

इथे साधन घडवणाऱ्यांचा खरा पेच कळतो. मऊ, ताणणारी टोपी कोणाच्याही डोक्यावर बसते, पण ताणली की तबकडी नेमकी कुठे गेली ते कळत नाही. कडक हेल्मेटमध्ये प्रत्येक संवेदकाची जागा पक्की माहीत असते, पण ते दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. काही मिलिमीटरची चूक झाली तरी मेंदूतली जागा सरकते. यावर मधला मार्ग म्हणून आता निरनिराळ्या मापांची तयार हेल्मेटे बनू लागली आहेत, आणि टोपी घातल्यावर डोक्याचे सर्व बाजूंनी कॅमेऱ्याने मोजमाप घेऊन संवेदकांच्या जागा काढतात. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रकाशाच्या साधनासाठी 'निंजाकॅप' नावाची टोपी केली. ती लवचीक प्लास्टिकची, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीची. ब्लाउजचे भाग बेतून शिवावेत तसे तिचे सपाट भाग छापून जोडतात. डोक्याच्या घेराप्रमाणे नवी टोपी छापता येते.

अभियांत्रिकी, आयटीआय किंवा फॅशन डिझाइन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी इकडे जरूर पाहावे. ओपनबीसीआय नावाच्या उपक्रमाने थ्रीडी प्रिंटरवर छापता येईल अशा ईईजी हेल्मेटचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तो उतरवून घ्या, आपल्या आईच्या अंबाड्यावर, बहिणीच्या वेणीवर ते बसते का पाहा आणि बसत नसेल तर काय बदलावे याचा विचार करा. अभ्यासासाठी ते उत्तम आहे. घरच्या कोणाच्या आजाराचे निदान मात्र त्यावरून करू नये.

शेवटी प्रत्यक्ष उपयोगाच्या काही गोष्टी. ईईजीला जाण्याच्या आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा, नंतर तेल, जेल, कंडिशनर काही लावू नका. वेणी सैल ठेवा, तिथे सोडावी लागेल. मूल लहान असेल तर फोन करून विचारा की त्याच्या मापाची टोपी आहे का. नसेल तर सुट्या तबकड्या लावतात, त्याला वेळ लागतो पण नोंद चांगली येते. झोप कमी घेऊन यायला सांगितले असेल तर ते पाळा. आकडीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसेच करा. आलेख स्वच्छ आला म्हणजे आकडीचा आजार नाहीच असे नसते, त्यामुळे आकडी येताना काय काय झाले हे घरच्यांनी नीट सांगणे तितकेच महत्त्वाचे. जमल्यास मोबाइलवर चित्रित करून ठेवा. चुंबकीय तपासणीला जाताना पिना, कानातले, मंगळसूत्र, धातूचे हूक सारे काढून ठेवावे लागते.

संशोधनासाठी कोणी टोपी घालायला बोलावले तर घाबरू नका आणि नुसत्या भिडेपोटी हो म्हणू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांप्रमाणे माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, संमती आपली असली पाहिजे आणि मध्येच बाहेर पडण्याची मोकळीक असली पाहिजे. सात वर्षांवरील मुलाचेही म्हणणे विचारायचे असते. आणि एक प्रश्न आमच्या वतीने जरूर विचारा: माझ्या केसांमुळे किंवा रंगामुळे नोंद नीट आली नाही, तर तुम्ही पुन्हा प्रयत्न करणार, की मला यादीतून काढणार?

त्या मुलीला ताईंनी दुसऱ्या खेपेला केस धुऊन, मोकळे सोडून नेले. तंत्रज्ञ बाईंनी टोपी बाजूला ठेवली, शेपटीच्या कंगव्याने भांग पाडत एकेक तबकडी लावली. पाऊण तास लागला. नोंद वाचता आली आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. केसांत राहिलेली पेस्ट त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने निघाली, आणि मग आईने तेल लावून पुन्हा दोन वेण्या घातल्या.